हो, रस्ता त्यांच्या बापाचाच आहे

सकाळपासून डोकं तापलंय. लिहून टाकल्याशिवाय आज झोप लागायची नाही.

कामासाठी नाशिकहून वणीकडे निघाले होते. कोजागिरी तोंडावर आलीये, त्यामुळे म्हसरूळ सोडलं आणि ढकांब्याच्या आसपास कावडवाले दिसायला लागले. रामकुंडावरून गोदावरीचं पाणी घेऊन सप्तशृंगी गडावर निघालेली माणसं. अनवाणी. त्यातल्या एका बाईच्या दोन्ही पायांना जुन्या साडीच्या चिंध्या बांधलेल्या. माझ्या मागे एक मोठी पांढरी गाडी होती, हॉर्नवरचा हात काढायला तयार नाही. शेवटी मला ओलांडून पुढे गेली, काच खाली झाली आणि आतला माणूस त्या कावडवाल्यांवर ओरडला, "रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का?"

कडेचा एक पोरगा दचकून बाजूला सरला. बाजूला म्हणजे कुठे? डांबर संपतं तिथून वीतभर खाली. पाय खाली गेला, पोरगा गुडघ्यावर आपटला. पण कावड त्याने दोन्ही हातांनी वर धरली होती. जमिनीला टेकू दिली नाही. गुडघ्यातून रक्त येतंय आणि पोरगा आधी कलशातलं पाणी किती सांडलं ते बघतोय.

तर त्या गाडीवाल्याच्या प्रश्नाचं उत्तर देते. हो, आहे. त्यांच्या बापाचाच आहे.

मी लहान असताना आजीबरोबर याच रस्त्याने गडावर चालत गेले होते. चैत्रातले दिवस, आजीचा नवस. लखमापूर फाट्याच्या पुढे एका ट्रकला जागा द्यायला म्हणून ती कडेला झाली आणि पाय मुरगळला. किलोमीटरच्या दगडावर बसली. हिरव्या डोक्याचा दगड. राष्ट्रीय महामार्गाचा पिवळा असतो, राज्य महामार्गाचा हिरवा, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तेवढ्यात खांद्यावर फावडं टाकून एक माणूस आला. झाडाखाली त्याचा पाण्याचा डेरा होता, त्यातलं तांब्याभर पाणी दिलं. स्वतःचं उपरणं फाडून आजीचा घोटा आवळून बांधला. आजी संकोचली तर म्हणाला, "बस माय. हा मैल माझ्याकडं हाये."

मैलकुली होता तो. बांधकाम खात्याचा. आजच्या पोरांना माहीत नसेल, पण तेव्हा रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला असा एक माणूस असायचा. खड्डा पडला की तो भरायचा, चर उकरून पाण्याला वाट द्यायची, गवत काढायचं, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढायचे. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे साईडपट्टी. डांबराच्या कडेला मुरूम टाकून, पाणी मारून, ठोकून तो डांबराच्या बरोबरीला आणायचा. आजीचा पाय मुरगळला तो ट्रकच्या धसक्याने. कडेवरून घसरून नव्हे. त्याच्या मैलाची कड सपाट होती.

आता काय होतं? दर काही वर्षांनी डांबरावर डांबर चढतं. रस्ता चार बोटं, सहा बोटं वर उचलला जातो. साईडपट्टी आहे तिथेच. कुणी मुरूम टाकलाच तर रोलर न फिरवता, पहिल्या पावसात वाहून जातो. मग कडेला आधार उरत नाही, डांबराची कड तुटायला लागते, फटीतून पाणी खाली शिरतं आणि अख्खा रस्ता आतून सडतो. म्हणजे चालणाऱ्याची जागा खाल्ली की पुढे गाडीवाल्याचाही रस्ता जातो. हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही हो! त्या मैलकुलीला कळत होतं.

पण रस्त्यांवरची ही माणसं निवृत्त होत गेली आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. आता कंत्राटं निघतात. कंत्राटाला मैल नसतो, मुदत असते.

आणि बापाचा म्हणाल तर इतिहासही काढू. हा रस्ता कुणी नकाशावर पट्टी ठेवून ओढलेला नाही. नाशिकहून दिंडोरी, वणी, तिथून सातमाळेच्या डोंगररांगेला भिडायचं. एक वाट नांदुरीवरून गडाला आणि कळवणला, दुसरी बोरगावमार्गे सापुताऱ्याला, पुढे गुजरात. महाराज १६७० च्या ऑक्टोबरात सुरत दुसऱ्यांदा लुटून बागलाणमार्गे परत येत होते, ते याच मुलखातून. कांचनमांचनच्या घाटाकडून खाली उतरले आणि वणी-दिंडोरीच्या मैदानात दाऊदखानाच्या मोगली फौजेशी गाठ पडली. भर मैदानातली लढाई, आणि जिंकली. दिंडोरीत जुन्या माणसांना रणतळं कुठे म्हणून विचारा, हात करून दाखवतील. हे सगळं डांबराच्या कितीतरी आधीचं. राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ता ही वर्गवारी तर १९४३ च्या नागपूर योजनेतून आली. नंबर नंतर मिळाले. पाय आधी पडले.

बरं, चालणाऱ्यांचंही चुकतं. तिघे-तिघे आडवे चालतात, डीजेचा टेम्पो मधोमध उभा करतात, चहाचे कप आणि पत्रावळ्या तिथेच टाकून जातात. मान्य. त्यांना सांगायलाच पाहिजे. पण कडेने चाला म्हणायचं तर आधी कड द्या ना!

लोक म्हणतात, आम्ही रोड टॅक्स भरतो. भरा. माझ्या आजीचं माहेर चांदवडकडचं. बाहत्तरच्या दुष्काळात तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडलीये. दिवसभर उन्हात, कडेवर पोर, हातात हातोडी. डाव्या हाताचं एक नख तेव्हा गेलं ते पुन्हा नीट आलंच नाही, शेवटपर्यंत वाकडं होतं. त्या काळात महाराष्ट्रातले किती रस्ते असे उपाशी बायकांनी खडी फोडून उभे केले! त्या बाईला त्या मैलकुलीने "बस माय" म्हटलं, कारण त्यालाही हाताने रस्ता करणं म्हणजे काय ते ठाऊक होतं. आणि आज तिच्या नातवाच्या वयाच्या पोराला गाडीतून कुणीतरी बाप विचारतो.

इथे लिहिता लिहिता मला रडू आलं. असो.

खरं सांगायचं तर तो गाडीवाला मला पुढे पुन्हा दिसला. वणीच्या अलीकडे टपरीवर चहा पीत होता. बायको, म्हातारी आई, दोन लेकरं. मागच्या काचेवर सप्तशृंगीमातेचा फोटो. तोही दर्शनालाच निघालेला. घरी भला माणूस असेल. मी थांबून बोलायला हवं होतं की काय, कळत नाही. त्याच्या आईकडे बघून राग जरा निवळला. तिचेही पाय सुजलेले होते, कधीकाळी तीही चालतच गेली असेल गडावर. आपल्यातल्या कितीजणांच्या घरात अशी एक म्हातारी आहे! गाडी घेतली की एका पिढीत आपण रस्त्याचे मालक होतो आणि चालणारे अडथळा होतात, हे मला सहन होत नाही.

मार्च २०१८ आठवा. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीचे आदिवासी शेतकरी नाशिकला जमले आणि तिथून मुंबईपर्यंत चालत गेले. तळपायाची सालं निघालेले फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. मुंबईत दहावीची परीक्षा होती, मुलांना त्रास नको म्हणून ती माणसं दिवसाचं थकलेलं अंग घेऊन रात्री उठली आणि रातोरात चालून आझाद मैदानावर गेली. चालणाऱ्यांनी गाडीत बसणाऱ्यांचा असा विचार केलाय. उलटं कधी झालंय?

रुंदीकरण नको असं मी म्हणत नाही. टोमॅटोचे क्रेट भरलेल्या पिकअप या रस्त्याने पिंपळगावच्या मार्केटला जातात, थोड्या दिवसांत कादवा कारखान्याच्या उसाच्या ट्रॉल्या सुरू होतील, पेशंटला नाशिक गाठायचं असतं. रस्ता मोठा हवाच. पण त्या मोठेपणात दीड हात सपाट मुरूम बसत नाही?

परतीच्या वाटेवर आजीने त्या मैलकुलीला शोधून काढलं होतं. प्रसादाचा नारळ दिला, त्याच्या बायकोसाठी कुंकवाची पुडी दिली. त्याने डोक्याला लावून घेतली आणि आधी विचारलं, घोटा कसा हाये. आज त्या पोराचा गुडघा कसा आहे हे विचारायला त्या रस्त्यावर कुणाचीही नेमणूक नाही.

मी अर्ज लिहिलाय. दिंडोरी-वणी पट्ट्यातल्या ज्यांना सही करायचीये त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव टाका, मी कागद घेऊन येते. मागण्या दोनच. साईडपट्टी दोन्ही बाजूंनी डांबराच्या बरोबरीला आणा, रोलर फिरवून. आणि ती तशी ठेवायला माणूस नेमा. हंगामी नको, कायमचा.