खुलासा: कोवळ्या उन्हाने मुडदूस टळत नाही

‘बाळाला सकाळी ७ च्या कोवळ्या उन्हात खिडकीशी धरा, मुडदूस होणार नाही,’ हा मेसेज मुंबईत फिरतोय. तो चुकीचा आहे. मुडदूस म्हणजे ड जीवनसत्त्व कमी पडून बाळाची हाडं मऊ होणं. ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-ब किरण त्या तिरप्या उन्हात नावापुरतेच असतात, आणि बंद काच तेही अडवते. ते भरपूर मिळतात भर दुपारी, पण त्या उन्हात तान्ह्याला ठेवणं बरं नव्हे. आईच्या दुधातही ड कमीच. म्हणून पहिलं वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब हवेत. बाटली वाचाच: काहींत १ मिलीत ४०० युनिट, काहींत ८००, दुसरीतले अर्धा मिलीच द्या. मोठ्यांची ६०,००० युनिटची पुडी बाळाला परस्पर कधीच देऊ नका, रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडतात. बाळाची मनगटं जाड दिसली तर ती मुडदुसाची खूण असू शकते, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.