व्यासपीठ, सत्ता आणि मर्यादा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

धर्मगुरूंनी सरकारवर टीका करण्याबद्दलच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप दोन आहेत. ‘अमुक उमेदवारालाच मत द्या’ असे सांगणाऱ्या प्रवचनकाराला मी पूर्वी दोष दिला आणि आता सरकारला खडे बोल सुनावणाऱ्याची पाठराखण करतो, हा दुटप्पीपणा आहे, असा पहिला. आणि सार्वजनिक शांतता बिघडेल असे व्यासपीठावरून बोलण्यास कायद्याने सरसकट मज्जाव हवा, असा दुसरा.

पहिला आक्षेप मला मान्य नाही. मतदान पापपुण्याशी जोडले, की वेगळे मत देणारा श्रोता थेट देवाचा अपराधी ठरतो आणि त्याला विचार करायला जागाच उरत नाही. सरकारच्या कृतीवरची टीका मात्र तपासता येते, खोडून काढता येते. अमेरिकेच्या करकायद्यात १९५४ साली झालेल्या जॉन्सन दुरुस्तीत हाच भेद आहे : करमाफी घेणाऱ्या धर्मसंस्थेने उमेदवाराचा प्रचार किंवा विरोध करायचा नाही, पण युद्ध, गरिबी, वंशभेद यांवर बोलण्यास तिला आडकाठी नाही.

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या देशातले कॅथलिक आर्चबिशप ऑस्कर रोमेरो रविवारच्या प्रवचनात त्या आठवड्यात मारल्या गेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या माणसांची माहिती नावानिशी देत, आणि ते प्रवचन रेडिओवरून दूरवरच्या खेड्यांत ऐकले जाई. ज्याला ती माहिती खोटी वाटत असेल, त्याला ती खोडून काढण्याची मुभा होती. २३ मार्च १९८० रोजी त्यांनी सैनिकांना सांगितले, की ‘हत्या करू नकोस’ ही देवाची आज्ञा आहे आणि तिच्याविरुद्धचा हुकूम पाळण्यास कोणीही सैनिक बांधील नाही. दुसऱ्याच दिवशी मिस्सा (कॅथलिक उपासनाविधी) अर्पण करत असताना त्यांना गोळी घालून ठार करण्यात आले. तेही देवाच्याच नावाने बोलले, असे आपण म्हणाल, आणि ते खरेच आहे. पण त्यांनी देवाचे नाव घेतले ते माणसे मारली जाऊ नयेत म्हणून, कुणाच्या पारड्यात मते पडावीत म्हणून नव्हे.

आपल्या दुसऱ्या सूचनेची मला खरोखर भीती वाटते, कारण तसा कायदा एकदा होऊन गेला आहे. चॅन्सेलर बिस्मार्कच्या काळात, १८७१ साली, जर्मनीच्या दंडसंहितेत एक कलम घालण्यात आले. धर्मगुरूने आपले काम करताना ‘सार्वजनिक शांततेला धोका पोहोचेल अशा रीतीने’ राज्यकारभाराची चर्चा केली, तर दोन वर्षांपर्यंत कैद. रोख कॅथलिक धर्मगुरूंवर होता, पण कलम पुस्तकात राहिले आणि पुढे नाझी राजवटीच्या हाती आयते पडले. मार्टिन नीमोलर हे प्रॉटेस्टंट पाद्री, आणि आरंभी हिटलरला अनुकूल असलेले. चर्चमधल्या सरकारी हस्तक्षेपाविरुद्ध ते बोलू लागले, तेव्हा १९३७ साली त्यांना अटक झाली आणि पुढच्या वर्षीच्या खटल्यात हेच कलम लावले गेले. न्यायालयाने सात महिन्यांची शिक्षा दिली. तेवढा काळ ते आधीच तुरुंगात होते, म्हणजे ते सुटले. पण घरी पोहोचलेच नाहीत. त्यांना परस्पर साक्सेनहाउसेनच्या छळछावणीत नेण्यात आले आणि पुढे १९४५ पर्यंत ते बंदिवासातच होते. शांततेला धोका कशाने पोहोचतो हे ज्याच्यावर टीका होते त्यानेच ठरवायचे, तर अटक करायला निमित्त कधीच कमी पडणार नाही.

तरीही आपल्या प्रतिक्रियेतील एक वाक्य मला पटले. व्यासपीठावरून एखाद्या समाजावर हात उचलायला सांगितले गेले, तर ती सरकारवरची टीका नव्हे. ती चिथावणी आहे आणि तिची शिक्षा धर्मगुरूलाही इतरांइतकीच झाली पाहिजे, मात्र ती खुल्या न्यायालयात पुराव्यानिशी. ही मर्यादा माझ्या मूळ लेखात स्पष्टपणे यायला हवी होती, ती आली नाही. आज लेखात तसा परिच्छेद जोडला आहे; तो वाचून आपण पुन्हा लिहावे, ही विनंती.