तेलाचे तीन डबे आणि ७९२०

भांडारातून मशीनसाठी तेलाचे तीन डबे दिले, एवढीच नोंद मला ईआरपीत, म्हणजे कंपनीच्या साठा-हिशेबाच्या संगणकप्रणालीत, करायची होती. मूव्हमेंट टाइप २०१ (वापरासाठी माल देणे) निवडला, कॉस्ट सेंटर (खर्च ज्याच्या नावे पडतो तो विभाग) भरले, सेव्हचे बटण दाबले, आणि तळाशी लाल ओळ उमटली: ‘आयएनटी जीबीबी व्हीबीआर ७९२० या नोंदीसाठी खाते ठरवता येत नाही.’ पत्रिकाच ती. ग्रह सगळे मांडलेले, फळ मात्र ज्याचे त्याने काढायचे.

जीबीबी ही कोणा संचालकांची आद्याक्षरे असावीत, या समजुतीत मी अर्धा दिवस घालवला. ती जर्मन लघुरूपे निघाली: जीबीबी म्हणजे साठ्याच्या नोंदीची उलट बाजू, व्हीबीआर म्हणजे वापर. आयएनटी हा खात्यांचा आराखडा आणि ७९२० हा व्हॅल्युएशन क्लास, म्हणजे माल कोणत्या खात्यात मोजायचा ते ठरवणारा गट; ७९२० हा तयार मालाचा. कोणीतरी तेलाचा मटेरियल मास्टर, म्हणजे त्या वस्तूची मूळ माहितीनोंद, तयार मालावरून कॉपी केला होता, आणि तयार माल कोणी मशीनमध्ये ओतत नसल्यामुळे त्या वापरासाठी खातेच नेमलेले नव्हते. संगणकाचे म्हणणे अक्षरशः खरे होते, हे मला चुकीपेक्षा जास्त झोंबले.

क्लास बदलून ३०३०, म्हणजे वापराच्या सामानाचा, करायला गेलो, तर दुसरी लाल ओळ: साठा शिल्लक असल्यामुळे क्लास बदलता येत नाही. साठा संपवावा तर क्लास आडवा येतो. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत.

शेवटी ७९२० ला तात्पुरते खाते जोडायचे ठरले. तो एका ओळीचा बदल आधी डेव्हलपमेंटमध्ये, मग टेस्टिंगमध्ये आणि मंजुरीनंतर प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे रोजच्या वापरातल्या प्रणालीत, जाणार होता. मंजुरीच्या अर्जात ‘व्यवसायावर होणारा परिणाम’ या रकान्यात मी प्रामाणिकपणे ‘तीन डबे’ लिहिले. अर्ज अपुरी माहिती म्हणून परत आला. दरम्यान भांडारपाल रोज विचारत होते, “साहेब, तेल मंगळवारीच मशीनमध्ये गेलंय. आता उपसून परत आणू का?”

आठवड्याने नोंद झाली, साठा शून्यावर आला, क्लास बदलला, आणि तात्पुरते खाते काढून टाकण्याचा अर्जही मी तत्परतेने पाठवला. तेवढ्यात भांडारपालांनी फिल्टरची चिठ्ठी पुढे केली. मास्टर उघडून पाहिला: ७९२०. सुदैवाने माझा अर्ज अजून मंजुरीत अडकलेला होता.