कुत्र्यापुढे फोफसा टाकतं कोण?

आखाड लागला की मटणाच्या दुकानापुढे दोन रांगा लागतात. एक माणसांची, दुसरी कुत्र्यांची. फोफशावर किंवा काळजावर पाण्याने भरलेली पांढुरकी गाठ दिसली की खाटीक तेवढा तुकडा कापून बाहेर भिरकावतो. गिऱ्हाइकाशी तो इमानदारच वागतो. पण नेमका तोच तुकडा कुत्र्याच्या तोंडी जायला नको असतो.

या गाठी हायडॅटिड नावाच्या रोगाच्या, आत पट्टकृमीच्या अळ्या असतात. त्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे पट्टकृमी वाढतात आणि साधारण दीड महिन्यात विष्ठेतून त्यांची अंडी पडू लागतात. अंडी गवतावरून शेळ्यामेंढ्यांच्या पोटात जातात, भाजीवरून किंवा कुत्र्याच्या अंगावर हात फिरवून तसंच जेवायला बसणाऱ्या पोरांच्या हातावरून आपल्या. माणसात गाठ बहुतेकदा यकृतात धरते, नाहीतर फुप्फुसात. वर्षानुवर्षं काही दुखत नाही, खुपत नाही. कळते तोवर कधीकधी नारळाएवढी झालेली असते. आत फुटली तर ॲलर्जीचा झटका येऊन जिवावर बेततं.

"आम्ही माळकरी, आम्हाला काय त्याचं?" असं म्हणणाऱ्यांसाठी: हा रोग मटण खाऊन होत नाही. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी पोटात गेली की होतो. माळ बघून ती थांबत नाहीत.

हे सांगितलं की लगेच "कुत्री उचला" सुरू होतं. मला ते पटत नाही. उद्या दुसरी कुत्री येतील आणि फोफसा तिथेच पडलेला असेल. एकोणिसाव्या शतकात आइसलँडमध्ये हा रोग घरोघरी होता. हाराल्ड क्राबे हा डॅनिश संशोधक 1863 मध्ये तिथे गेला. पुढे त्याची माहितीपुस्तिका लोकांना फुकट वाटली गेली, गाठी असलेले फोफसे-काळजं कुत्र्यांपासून दूर ठेवायचे कायदे झाले, कुत्र्यांना जंताचं औषध सुरू झालं. विसाव्या शतकात तिथून हा रोग जवळजवळ नाहीसा झाला.

आपण पाळीव कुत्र्याला रेबीजची लस आठवणीने देतो, जंताची गोळी मात्र विसरतो. आणि कुठलीही गोळी चालत नाही, तिच्यात प्राझिक्वांटेल आहे का हे जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. धनगरवाड्यांवर, जिथे कुत्रं कळपाबरोबरच राहतं, ही गोळी सरकारी दवाखान्याने स्वतः नेऊन द्यायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिली जत्रा. एका दिवसात ढीगभर बकरी कापली जातात आणि कमिटी मंडप, तमाशा, लाऊडस्पीकर सगळ्यासाठी वर्गणी काढते. त्यातच जेसीबीचं तासाभराचं भाडं धरा. कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका खोल खड्डा, वर चुना आणि माती. आमच्या कमिटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे. तुमच्या गावात कुणी आधीच केलं असेल तर खर्च किती आला ते खाली लिहा, मला आकडा लागणार आहे.