सोफ्यावर बसून अणुयुद्ध जिंकायचं असेल तर

मागच्या रविवारी साडूंकडे जेवायला गेलो होतो. जेवणं झाली, सगळे सुस्तावले, आणि साडूंनी मोबाईल काढला. कुठलीतरी साईट आहे, नकाशावर शहर निवडायचं, बॉम्ब निवडायचा, बटण दाबायचं, की लाल केशरी पिवळे गोल उमटतात आणि बाजूला मेलेल्यांचा आकडा येतो. "बोला रे पोरांनो, कुठं टाकू?" पोरं नुसती कल्ला करतायत, त्यात आमचे चिरंजीव सगळ्यात पुढे, "काका मोठ्ठा टाका ना, हा काय फुसका आहे!" मी म्हटलं, अहो कशाला दाखवता असलं, तर म्हणाले, तुमच्यासारख्या शांतीदूतांमुळेच हे सगळं होतंय. सगळे हसले. मीपण हसलो, आणि घरी आल्यापासून तेच टोचतंय.

म्हटलं जाऊदे, आपणही एक्स्पर्ट होऊ. तुम्हालाही व्हायचं असेल तर ऐका, फी काही नाही.

सुरुवात एका वाक्यानं करा: "एकदाच काय तो सोक्षमोक्ष लावून टाका." कुठल्याही युद्धाला चालतं, कोण कोणाशी लढतंय ते माहीत नसलं तरी.

पुरावा आधी मागायचा नसतो. अमेरिकावाले इराकमध्ये २००३ ला आधी घुसले आणि मग शोधत बसले, संहारक अस्त्रांचे साठे काही सापडले नाहीत. कुणाचं काय बिघडलं? म्हणजे इराकी लोक सोडून.

'टॅक्टिकल', म्हणजे रणांगणापुरता छोटा, हा शब्द पाठ करा. फार कामाचा शब्द आहे, तो लावला की बॉम्ब एकदम घरगुती वाटायला लागतो. साडू म्हणाले ना, "अहो हा टॅक्टिकल आहे, फार तर पंधरा किलोटन." फार तर! अहो हिरोशिमावर पडला तो साधारण पंधरा किलोटनाचाच होता, म्हणजे पंधरा हजार टन टीएनटी स्फोटकांइतका. त्यात ६४ किलो युरेनियम भरलेलं आणि त्यातलं एक किलोसुद्धा पुरतं कामी आलं नाही, बाकीचं नुसतंच उधळलं गेलं, आणि तेवढ्यानंच १९४५ संपेपर्यंत अंदाजे १ लाख ४० हजार माणसं गेली. अंदाजेच म्हणायचं, कारण गावात कोण होतं नि कोण नव्हतं त्याच्या नोंदीपण जळाल्या. आणि वर्ष संपेपर्यंत म्हणजे काय ते कळतंय का, म्हणजे ६ ऑगस्टला वाचलेली, अंगावर ओरखडाही नसलेली माणसं पुढचे आठवडे केस गळत, हिरड्यांतून रक्त येत मेली, आणि त्यांच्याकडे बघायला कोण, तर शहरातले बहुतेक डॉक्टर आणि नर्स स्वतःच मेलेले नाहीतर जखमी. याचा गोल कुठल्या रंगाचा असतो तुमच्या त्या साईटवर? आणि गोल किती नीट, कंपासनं काढल्यासारखा! १ मार्च १९५४ ला अमेरिकेनं मार्शल बेटांवर 'कॅसल ब्राव्हो' नावाची चाचणी केली, बॉम्ब ज्यांनी बनवला त्या शास्त्रज्ञांचा अंदाज होता साधारण सहा मेगाटनांचा (एक मेगाटन म्हणजे हजार किलोटन), फुटला पंधरा मेगाटनांचा. किरणोत्सारी राख वाऱ्याबरोबर जवळच्या रोंगेलाप बेटावरच्या वस्तीवर पडली, धोक्याची म्हणून जाहीर केलेल्या हद्दीच्या बाहेर असलेल्या एका जपानी मासेमारी बोटीवरही पडली, त्या बोटीवरचा रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरात गेला. बनवणाऱ्यांचा हिशोब अडीचपट चुकतो आणि आमच्या साडूंना जेवण झाल्यावर दोन बोटांनी झूम करून कळतं की पलीकडचं गाव वाचलं. छोटा म्हणे. फुसका म्हणे!

असो. बीपी वाढतंय. पुढचा सल्ला.

मशीनवर पूर्ण विश्वास ठेवा. २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत सॅटेलाईट सिस्टीमनं सांगितलं की अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं निघालीत. ड्युटीवरचा अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्ह, त्यानं ठरवलं की हे खोटं असणार आणि वरही तसंच कळवलं. नंतर निघालं काय, तर ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन. असला शंकेखोर माणूस तुमच्या खेळात घेऊ नका, सगळी मजाच जाते.

करार म्हणजे कागद, हे तर तोंडपाठ पाहिजे. कुणी म्हटलं की १९८७ च्या आयएनएफ कराराखाली, म्हणजे अमेरिका आणि सोव्हिएत युनियनच्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरच्या कराराखाली, २,६९२ क्षेपणास्त्रं खरोखर मोडली, समोरासमोर उभं राहून मोजून, तर जांभई द्या. ऐंशीच्या दशकात जगात सत्तर हजारांच्या आसपास अण्वस्त्रं होती, आज बारा हजारांच्या घरात आहेत, तर ती आपोआप गंजून गेली असं समजा. रासायनिक अस्त्रांचे जाहीर केलेले ७२ हजार टनांहून जास्त साठे तपासनीसांच्या देखत नष्ट झाले, शेवटचा अमेरिकेचा, २०२३ च्या जुलैत. त्यावर लगेच "पण सीरिया?" म्हणा. ते म्हणालात तर बरोबरच आहे, सीरियानं रासायनिक अस्त्रबंदी करारावर सही केली २०१३ ला आणि तिथल्याच खान शेखून गावात सरीन हा विषारी वायू पडला २०१७ ला. पण मग तपासणी वाढवायची का बंद करायची? चोर सापडला म्हणून पोलीस चौकी बंद करतं का कुणी? तर हो, करतात. आयएनएफ २०१९ ला गेला. न्यू स्टार्ट या अमेरिका-रशियाच्या अण्वस्त्र करारात वर्षाला अठरा वेळा एकमेकांच्या तळांवर जाऊन मोजायची सोय होती, प्रत्येकी १,५५० तैनात अण्वस्त्रांची मर्यादा होती, रशियानं २०२३ ला सहभाग थांबवला आणि ५ फेब्रुवारी २०२६ ला मुदतच संपली. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी गुड मॉर्निंगचे अकरा मेसेज होते, मोजलेत मी.

साडूंचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मला अजून खोडता आलेला नाही. "युक्रेननं बॉम्ब दिले, काय मिळालं?" १९९४ ला बुडापेस्टमध्ये रशिया, अमेरिका, ब्रिटन तिघांनी सह्या करून युक्रेनच्या सीमांचा मान राखू म्हणून सांगितलं, आणि २०१४ ला रशियानं क्रिमिया घेतला, २०२२ ला काय झालं ते आपण बघितलं. त्या सोव्हिएत काळातल्या अस्त्रांचे कोड मॉस्कोकडेच होते वगैरे मी म्हणू शकतो, पण ते वकिली उत्तर झालं. आणि ते पाच मोठे देश (अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स, चीन), १९७० पासून लागू असलेल्या अण्वस्त्र प्रसारबंदी करारात निःशस्त्रीकरणाची बोलणी करू म्हणाले होते, दुसऱ्यांना उपदेश करतात आणि स्वतःची मात्र नवीन मॉडेलं काढतात. हे पाचही जण जानेवारी २०२२ मध्ये एकत्र येऊन म्हणाले की अणुयुद्ध जिंकता येत नाही आणि ते कधीच लढू नये. दोन महिने नाही झाले, तोवर त्यातल्याच एकानं शेजाऱ्यावर रणगाडे घातले नि वर अण्वस्त्रांची धमकी दिली. यांना काय बोलायचं, निर्लज्ज आहेत.

पण ते निर्लज्ज आहेत म्हणून आपणही व्हायचं का हो? त्यांच्या हातात निदान खरी सत्ता आहे, तुमच्या हातात मोबाईल आहे आणि समोर नऊ वर्षांचं पोरगं आहे. त्याला तुम्ही आकडा वाढला की टाळी द्यायला शिकवताय. लाज वाटायला पाहिजे. तुम्हालाही, आणि तिथं बसून दात काढणाऱ्या मलाही.

येत्या रविवारी सगळे आमच्याकडे आहेत. साडूभाऊ, वाचत असाल तर या, पोटभर जेवा, हवी तेवढी भांडणं करू. फक्त तो नकाशा पोरांसमोर उघडलात तर ह्या वेळी मी हसणार नाहीये.