रोमन पुतळे रंगीत होतेच. भडक होते का, हा प्रश्न वेगळा

प्राचीन रोमन पुतळे मुळात रंगवलेले होते की नव्हते, हा वाद अभ्यासकांपुरता केव्हाच निकालात निघाला आहे. तरीही अधूनमधून सम्राट ऑगस्टसच्या रंगीत प्रतिकृतीचा फोटो फिरू लागतो आणि ‘यापेक्षा पांढराच बरा होता’ अशा प्रतिक्रियांचा पाऊस पडतो. ही नापसंती मला रास्त वाटते, मात्र तिचा रोख चुकतो. दोष रोमन रंगाऱ्यांच्या माथी मारण्याआधी आपण नेमके काय पाहत आहोत, हे समजून घ्यायला हवे.

मूळ पुतळा 1863 मध्ये रोमजवळच्या प्रिमा पोर्ता येथे, ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या वाड्याच्या अवशेषांत सापडला आणि आज तो व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. त्याच्यावर लाल, निळ्या रंगांचे अंश टिकून होते. प्रतिकृती करणाऱ्यांनी जिथे पुरावा मिळाला तिथेच रंग दिला आणि जिथे मिळाला नाही तो भाग, अगदी त्वचासुद्धा, कोरा ठेवला. शास्त्र म्हणून हे प्रामाणिकच. पण पाहणाऱ्याला दिसतो तो पांढराफटक चेहरा आणि त्याखाली लालभडक वस्त्र. पेणच्या कारखान्यातली, अंगावर पहिला हात मारलेली पण डोळ्यांची आखणी व्हायची असलेली गणेशमूर्ती पाहून मूर्तिकाराची पारख करावी, तसा हा प्रकार आहे.

शेवटचा हात कसा असे, याची कल्पना ब्रिटिश म्युझियममधील ‘ट्रॉय हेड’ (Treu Head; ट्रॉय नगरीशी संबंध नाही) या दुसऱ्या शतकातील संगमरवरी रोमन स्त्रीमस्तकावरून येते. तिथे त्वचेला एकच सपाट गुलाबी रंग फासलेला नाही. पांढरा, गेरूच्या छटा, गुलाबी आणि त्यांत ‘इजिप्शियन निळा’ या प्राचीन रंगद्रव्याचे बारीक कण अशी मिश्रणे आहेत. डोळ्यांच्या पांढऱ्या भागातही निळा मिसळला आहे. या निळ्यावर दृश्य प्रकाश टाकला की तो डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर टाकतो आणि विशेष कॅमेऱ्यात त्याचा कण न् कण चमकतो. त्वचेच्या रंगात निळा मिसळणारा माणूस रंगाच्या बाबतीत अडाणी होता, असे कोण म्हणेल?

रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात नोंदवलेली एक आख्यायिकाही इथे आठवते. स्वतःचे कोणते संगमरवरी पुतळे सर्वांत आवडतात, असे विचारल्यावर ग्रीक शिल्पकार प्रॅक्झिटेलिसने, ज्यांना चित्रकार निकियासचा हात लागला ते, असे उत्तर दिले म्हणे. गोष्ट ग्रीकांची असली तरी ती कौतुकाने सांगणारा रोमन आहे.

पांढऱ्या रंगाची महती नंतरची. ऊनपाऊस, माती आणि संग्राहकांची घासपूस यांनी रंग गेला. जर्मन कला-इतिहासकार विंकेलमनने 1764 मध्ये पांढऱ्या देहाच्या सौंदर्याला तत्त्वाची बैठक दिली, आणि पुढे प्लास्टरच्या पांढऱ्या प्रतींवरून चित्रे काढत कलाविद्यार्थ्यांच्या पिढ्या घडल्या, आपल्या जे. जे. स्कूलमधल्यासुद्धा.

म्हणून रंगीत प्रतिकृती बंद कराव्यात, असे मी म्हणणार नाही. मात्र कोणता रंग पुराव्याने सिद्ध आहे, कोणता अंदाजाने भरला आहे आणि कोणता भाग निव्वळ पुराव्याअभावी कोरा राहिला आहे, हे प्रत्येक प्रतिकृतीखाली ठळक लिहावे. फोटो पुढे पाठवताना ती ओळ कापली जाणार, हे अर्थात गृहीत धरूनच.