गोष्ट त्याच्यावर आहे, पण त्याला वाचता येत नाही

३ डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा लागला की आमच्या बालवाचनालयात शिक्षकांचे फोन सुरू होतात. "मॅडम, अपंगत्वावर एखादी छानशी गोष्ट आहे का हो? परिपाठाला वाचून दाखवायची आहे. प्रेरणादायी असली तर बरं." मी पुस्तक काढून ठेवते. बाईंना परिपाठ, पोषण आहार, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणं एवढं सगळं सांभाळून गोष्टही शोधायची असते, त्यांच्यावर माझा काडीचाही राग नाही. फक्त मी एक विचारते, "तुमच्या वर्गात असं कुणी मूल आहे का?" असतंच. "मग त्याला आवडेल असं देऊ का?" यावर उत्तर साधारण ठरलेलं आहे: "नाही, म्हणजे, बाकीच्या मुलांना जरा कळावं म्हणून."

माझी सगळी तक्रार या "बाकीच्या मुलांना"वर आहे.

वेगळ्या पद्धतीने शिकणाऱ्या, चालता किंवा बघता न येणाऱ्या, सतत धास्तावलेल्या मुलांवर आपण ज्या गोष्टी लिहितो, त्या जवळजवळ सगळ्या दुसऱ्याच मुलांसाठी असतात. त्यांनी चिडवू नये म्हणून, त्यांना दया यावी म्हणून, "बघा, याला एवढं कमी असून तो किती करतो, आणि तुम्ही?" असं म्हणता यावं म्हणून. ज्याच्यावर गोष्ट आहे ते पोर त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसून ती ऐकत असतं. सगळे वळून त्याच्याकडे बघतात. चौथीतल्या मुलाला यापेक्षा मोठी शिक्षा काय असणार?

हे मराठीतच आहे असं नाही. आमच्या पिढीने लहानपणी ज्या परदेशी गोष्टी संक्षिप्त रूपात वाचल्या, त्यांत काय होतं? 'हायडी'मधली क्लारा आल्प्सच्या डोंगरावर जाते, शेळीचं दूध पिते आणि चालायला लागते. त्याआधी पीटर तिची चाकांची खुर्ची डोंगरावरून ढकलून देतो आणि खुर्चीचे तुकडे तुकडे होतात. १९११ च्या 'द सीक्रेट गार्डन'मधला कॉलिन बागेत उभा राहतो, मग पळतोसुद्धा. मला ही पुस्तकं अतिशय आवडायची, अजून आवडतात. पण तेव्हा शाळेत पायाला कॅलिपर लावलेली मुलं असायचीच, पोलिओ तेव्हा गल्लोगल्ली होता. मोकळी हवा आणि चांगली मैत्रीण मिळाली की पाय बरे होतात, हे वाचून त्या मुलांना काय वाटलं असेल याचा विचार तेव्हा कुणी केला नाही. भारतात नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. कॅलिपर वर्गातून गेले. "शेवटी सगळं बरं होतं" हा शेवट मात्र आपल्या गोष्टींतून हललेला नाही.

त्याचा धाकटा भाऊ म्हणजे "शेवटी बक्षीस मिळतं". २००७ साली 'तारे जमीं पर' आला आणि डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण, हा शब्द मराठी घरांत पोहोचला. त्याआधी "लक्षच नाही", "आळशी आहे", "मठ्ठ आहे" एवढंच निदान असायचं. या सिनेमाचं ऋण मोठं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यातला ईशान चित्रकलेच्या स्पर्धेत पहिला येतो, आणि त्यानंतर कितीतरी आईबाबांना मी विचारताना ऐकलं आहे, "मग आमच्या ह्याच्यात काय टॅलेंट असेल?" म्हणजे वाचता येत नाही याची भरपाई पोराने कुठेतरी करून दाखवलीच पाहिजे. चित्र काढ, तबला वाजव, निदान बुद्धिबळ तरी खेळ. काही मुलांना वाचायला त्रास होतो, आणि त्यांची चित्रंही साधारणच असतात. त्यांना आंबे पाडायला आवडतं, क्रिकेटमध्ये ती शून्यावर बाद होतात, बहिणीशी भांडतात. त्यांच्यावर गोष्ट कोण लिहिणार?

मला विचाराल तर या विषयावरचं मराठीत मिळणारं सगळ्यात शहाणं पुस्तक 'तोत्तोचान' आहे, आणि ते कुणी "अपंगत्वाचं पुस्तक" म्हणून कपाटात लावत नाही. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे जपानी पुस्तक १९८१ चं. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी ते मराठीत आणलं आणि नॅशनल बुक ट्रस्टने स्वस्तात घरोघरी पोहोचवलं. त्यात स्वतः तोत्तोचान पहिल्या शाळेतून काढून टाकलेली मुलगी आहे. डेस्कचं झाकण सारखं उघडबंद करते, खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारते. आजच्या शाळेने तिला एका दुपारात समुपदेशकाकडे पाठवली असती. तिच्या नव्या शाळेत पोलिओ झालेला यासुआकी आहे. तिला त्याला आपल्या झाडावर बोलवायचं आहे, बस्स. त्यात "मदत" नाही, "समजून घेणं" नाही, ते एक आमंत्रण आहे. ती शिडी ओढत आणते, ती जमत नाही, मग घडीची शिडी आणते, दोघं घामाघूम होतात, आणि शेवटी तो झाडावर चढून बसतो. त्याचे हातपाय होते तसेच राहतात. वर बसून तो तिला टेलिव्हिजन नावाच्या नव्या चमत्काराबद्दल सांगतो. झाडावर बसल्यावर गप्पा मारायच्या असतात, तशा ते मारतात. (यासुआकी पुढे मरण पावतो, हे खरं आहे. पण ते खऱ्या आयुष्यात घडलं म्हणून आलं आहे, वाचकाला रडवायला नाही.)

आणि ताकाहाशी! वाढ खुंटलेला, आखूड पायांचा मुलगा. मुख्याध्यापक कोबायाशी खेळांच्या दिवशी शर्यतीच अशा आखतात की त्या बुटक्या अंगाचा फायदा व्हावा, आणि तो एकामागून एक पहिला येतो. बक्षिसं काय, तर मुळा, पालक असली भाजी. याच पुस्तकातली माझी सर्वांत आवडती जागा मात्र वेगळी आहे. वर्गशिक्षिका शेपटीबद्दल शिकवताना सहज गमतीत ताकाहाशीला विचारतात, तुला शेपूट आहे का? कोबायाशी त्यांना नंतर, मुलांच्या नकळत, स्वयंपाकघरात गाठून चांगलंच सुनावतात. त्यांनी वर्गात भाषण दिलं नाही, मुलांना "कुणाच्या शरीरावर हसू नये" असं फळ्यावर लिहायला लावलं नाही. चूक मोठ्या माणसाची होती, ती मोठ्या माणसालाच सांगितली. आपल्याकडच्या गोष्टींत कायम मुलांनाच सुधारायचं असतं, शिक्षक आणि पालक मात्र आधीपासून सुधारलेले!

अलीकडे भारतात चांगलं काम होतंय. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची बरीच चित्रपुस्तकं मराठीतही निघतात. त्यांच्या 'कॅच दॅट कॅट!'मधली डिप डिप व्हीलचेअरवर भरधाव फिरणारी आगाऊ मुलगी आहे, आणि गोष्ट आहे हरवलेल्या मांजराची. खुर्ची चित्रात आहे, कारण डिप डिप तिच्यावर बसते, एवढंच तिचं काम. त्याच प्रकाशनाच्या 'कण्णा पण्णा'मध्ये गुहेतल्या देवळात दिवे जातात आणि न दिसणारा मुलगा सगळ्यांना बाहेर काढतो. मुलांना हे पुस्तक फार आवडतं, मला थोडं कमी. कारण दिवे गेले तरच त्याची किंमत कळते, हा हिशेब मला पटत नाही. दिवे असतानाही तो घरातलाच ना? इंग्रजीत 'सिंपली नंजू' आहे, बंगळुरूच्या एका शाळेतलं. त्या शाळेतल्या सगळ्याच मुलांना काही ना काही आहे, त्यामुळे त्याचं कुणालाच कौतुक नाही. प्रश्न आहे तो चोरीला जाणाऱ्या वह्यांचा, आणि आळ नंजूवर आलाय त्याचा. असं पुस्तक मला मुळातून मराठीत लिहिलेलं हवं आहे. सांगलीच्या, अमरावतीच्या, मडगावच्या शाळेतलं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती.

समजा उद्या डिस्लेक्सिया असलेल्या मुलावर उत्तम मराठी गोष्ट आली. ती छापली कशी जाईल? बारा पॉइंटचा, म्हणजे बारीक टाइप, दाटीवाटीच्या ओळी, दोन्ही कडा सरळ. किंवा चित्रपुस्तक असेल तर निळ्याजांभळ्या चित्रावरच पांढरी अक्षरं. म्हणजे ज्याच्यावर गोष्ट, त्याच्यासाठी तीच भिंत.

देवनागरी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते म्हणून सोपी, असं आपण मानतो. अडखळणाऱ्या वाचकाच्या शेजारी बसून बघा. 'कि' मध्ये वेलांटी आधी दिसते आणि बोलायची नंतर. 'सूर्य' मध्ये र बोलायचा आधी आणि तो दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. हा र तर बहुरूपीच: सूर्यात एक, चक्रात दुसरा, राष्ट्रात तिसरा, सुऱ्यात चौथा. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष यांच्यात एका रेघेचा किंवा गाठीचा फरक. काना, मात्रा, उकार, अनुस्वार वर-खाली-मागे-पुढे. ज्याला हे सहज जमलं त्याला हे कष्ट आहेत हेच ठाऊक नसतं. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' नावाची डिस्लेक्सियाची चाचणी आणली, ती हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. चाचणी मराठीत आहे, मग वाचायला पुस्तक नको?

स्कॉटलंडमध्ये, एडिनबरोला, १९९८ साली बॅरिंग्टन स्टोक नावाचं प्रकाशन सुरू झालं, खास अशा वाचकांसाठी. क्रीम रंगाचा कागद, मोकळी मांडणी, छोटी प्रकरणं. पण त्यांची खरी अक्कल दुसरीकडे आहे. बारा वर्षांच्या मुलाची वाचनाची पातळी आठ वर्षांची असली, तरी त्याची आवड बारा वर्षांचीच असते, हे त्यांनी धरलं. त्याला भुताची, फुटबॉलची, गुन्हेगारीची गोष्ट हवी असते, सोप्या वाक्यांत. आपण सातवीतल्या मुलाच्या हातात काय देतो? ससा आणि त्याचं गाजर. आमच्याकडे एक मुलगा बालवाडीच्या वयाचं पुस्तक जाडजूड विश्वकोशाच्या खंडात लपवून वाचायचा. त्याला वाचायचं होतं. कुणी बघू नये, एवढीच अट होती.

अक्षरांमधलं अंतर वाढवलं की अशी मुलं वेगाने आणि कमी चुका करत वाचतात, असं २०१२ च्या एका अभ्यासात इटालियन आणि फ्रेंच मुलांच्या बाबतीत दिसलं होतं. आपल्याकडे यात गंमत आहे. कॉम्प्युटरवर देवनागरीतलं अंतर वाढवायला गेलं की बऱ्याचदा शिरोरेषाच तुटते. म्हणजे हे काम अक्षररचनाकारांनी मुळापासून करायला हवं. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटासारखे लोक देखणे देवनागरी फॉन्ट करून मोफत देतात, त्यामुळे हे अशक्य मुळीच नाही. तोवर निदान ओळींत, शब्दांत जागा सोडा, उजवी कड मोकळी ठेवा, चित्रावर मजकूर छापू नका. याला संशोधन लागत नाही, दोन पानं जास्त लागतात.

दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाच्या यादीत ७ ऐवजी २१ प्रकार आले, त्यांत अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया यातच येतो) आणि स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आहेत. महाराष्ट्रात बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलतीही बऱ्याच वर्षांपासून मिळतात. त्यामुळे काय होतं, तर नववीत पालक सर्टिफिकेटसाठी सरकारी हॉस्पिटलच्या रांगेत उभे राहतात. मार्कांसाठी आपण जागे होतो. गोष्टीच्या पुस्तकाला मार्क नसतात, म्हणून ते रांगेत कुठेच नाही.

धास्तीबद्दल थोडक्यात. भीतीवरच्या आपल्या मुलांच्या गोष्टी म्हणजे दोरीचा साप: दिवा लावला, दोरी दिसली, सगळे हसले, संपलं. पण ज्या मुलीच्या पोटात रोज सकाळी शाळेची रिक्षा आली की गोळा येतो, तिथे दोरी नसतेच. दिवा लावून तिला काय दाखवणार? वर "भित्री भागुबाई" आहेच. माधुरी पुरंदरे यांच्या 'मोठी शाळा'सारख्या पुस्तकात मुलाच्या मनातली धाकधूक धाकधूक म्हणूनच येते, तिला कुणी हसत नाही, म्हणून ते आमच्याकडे सारखं बाहेर असतं. मला पुढची गोष्ट हवी आहे: भीती गेली नाही, मुलगी तिच्यासकट सहलीला गेली, बसमध्ये उलटी झाली, तरी भेळ खाल्ली.

व्हीलचेअर वापरणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी 'चाकाची खुर्ची'त स्वतःबद्दल स्वतःच्या आवाजात लिहिलं, ते मोठ्यांसाठी. मुलांसाठी असं "मी" म्हणणारं कुणी लिहीत असेल, अगदी शाळेच्या वहीत का असेना, तर मला पाठवा. छापायचे पैसे आपण इथेच जमवू. त्यात शेवटी कुणी बरं झालेलं नसलं तरी चालेल, बक्षीस मिळालेलं नसलं तरी चालेल. अक्षर तेवढं सोळा पॉइंटच्या खाली जाऊ द्यायचं नाही.